कुत्र्याला घेऊन कचारगडच्या डोंगरात

कुत्र्याला बरोबर घेऊन डोंगर चढायचा, तर आधी त्या डोंगराची माहिती हवी. कुत्र्याची तयारी त्यानंतर. सह्याद्रीतल्या गडवाटांवर कुत्रे आता नित्याचे झाले आहेत. राजगड-हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गावातलीच कुत्री चढणाऱ्यांबरोबर पायथ्यापासून माथ्यापर्यंत येतात आणि शहरातून आलेले पाळीव कुत्रेही दिसतात. विदर्भाच्या पूर्व टोकाचे डोंगर उंचीने सह्याद्रीपेक्षा बरेच कमी आहेत. तिथे कडे-सुळके मोजके, पण जंगल सलग आणि वस्तीला चिकटलेले आहे. त्यामुळे कुत्र्याच्या दृष्टीने तिथली अडचण दम लागण्याची कमी आणि जंगलाशी गाठ पडण्याची जास्त असते. गोंदिया जिल्ह्यातले कचारगड हे अशा प्रदेशाचे उत्तम उदाहरण आहे.

कचारगड सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीजवळ आहे. गोंदियाहून अंतर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा हे जवळचे स्थानक आणि धनेगाव हे पायथ्याचे गाव. धानाची शेते संपली की साग, ऐन, मोह, तेंदू, पळस आणि बांबूचे जंगल सुरू होते. वाट त्यातूनच वर जाते आणि शेवटी मोठमोठ्या शिळांमधल्या चढाने गुहांपाशी पोचते. मुख्य गुहा नैसर्गिक आहे आणि शेकडो माणसे मावतील एवढी प्रशस्त आहे. जवळच हाजरा धबधबा असल्याने पावसाळ्यात या भागात सहलीची गर्दी असते.

गोंड समाजासाठी मात्र हे सहलीचे ठिकाण नव्हे, हे उगमस्थान आहे. कोया पुनेम या गोंडी धर्माच्या परंपरेनुसार माता कली कंकालीची ३३ मुले शंभूने इथल्या गुहेत कोंडली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या किंगरीच्या सुरांनी त्या मुलांना बळ दिले. गुहेच्या तोंडावरची शिळा सरकली, मुले मोकळी झाली, पण हिरासुका त्या शिळेखाली सापडून गेला. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. १९८० च्या दशकापासून ही जत्रा मोठ्या प्रमाणावर भरू लागली आणि भाषातज्ज्ञ मोतीराम कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांचा तिच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा होता. गोंडी परंपरेतल्या ७५० या पवित्र आकड्याशी कुळांची रचना जोडलेली आहे. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड यांचे रक्षण करायचे, अशी त्यामागची धारणा आहे. कुत्रा घेऊन येणाऱ्याला या धारणेची जाणीव असायलाच हवी. ज्या डोंगरावर आलेल्यांची कुळे रानातल्या जिवांची राखण करतात, तिथे मोकळा सोडलेला कुत्रा मोर किंवा हरणामागे धावला, तर तो इथल्या माणसांच्या श्रद्धेचाही अवमान ठरतो.

या परिसराचे दुसरे महत्त्व वन्यजीवांच्या दृष्टीने आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही अभयारण्ये मिळून तो बनला आहे. तो कचारगडच्या पश्चिमेला आहे आणि उत्तरेला मध्य प्रदेशातले कान्हा. या दोहोंच्या मधली जंगले वाघ-बिबट्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा आहेत. अभयारण्याची पाटी नसली म्हणून जंगल रिकामे असते, असे समजण्याचे कारण नाही. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, चितळ, भेकर, साळिंदर हे पूर्व विदर्भातल्या वनात सर्वत्र असू शकणारे प्राणी आहेत. नागझिऱ्याची रानकुत्री तर प्रसिद्धच आहेत.

कुत्र्यामुळे वन्यप्राण्यांना काय त्रास होतो, याचा अभ्यास महाराष्ट्रातच झालेला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर खोकड आणि गावकुत्री यांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा कुत्री जवळ असली की खोकडे खाणे टाळतात किंवा जागाच सोडतात, असे दिसले. तिथल्या बहुसंख्य गावकुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांशी पूर्वी संपर्क आल्याच्या खुणाही सापडल्या. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यापुरता थांबत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या साथीने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले आणि २०१८ मध्ये गीरच्या जंगलातही त्याने सिंहांचे बळी घेतले. रानकुत्री कळपाने राहतात, एकमेकांना चाटतात, एकत्र खातात. अशा कळपात हा रोग शिरला तर तो झपाट्याने पसरतो. त्यामुळे लसीकरण न झालेला कुत्रा जंगलात नेणे हे बेजबाबदारपणाचे काम आहे. रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ व लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस वेळच्या वेळी दिलेली असली, तरच डोंगराचा विचार करावा. लस नुकतीच दिली असेल, तर किमान दोन आठवडे थांबावे.

धोका उलट्या दिशेनेही आहेच. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने पाळीव प्राणी बहुतांश होते आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. उसाच्या पट्ट्यातला तो बिबट्या आणि सालेकशाच्या जंगलातला बिबट्या यांच्या सवयी एकसारख्या असतीलच असे नाही, पण कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे, हे दोन्हीकडे खरे. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत जंगलाबाहेर पडावे, तंबूत कुत्र्यासह मुक्काम करू नये आणि छोट्या कुत्र्याला वाटेवर मागे रेंगाळू देऊ नये. हिमालयात मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे असतात, ते बिबट्यापासून बचावासाठीच. धनगरांच्या कळपाबरोबरची कुत्रीही दोन-तीन मिळून राखण करतात. शहरी पाळीव कुत्रा एकटा असतो आणि त्याला या शत्रूची ओळखच नसते.

अस्वलाचा प्रकार सगळ्यांत गंभीर आहे. अस्वलाला दूरचे नीट दिसत नाही. जवळ आलेल्यावर ते पळून न जाता चाल करते. मोकळा कुत्रा झुडपात शिरतो, भुंकून अस्वलाला डिवचतो आणि ते अंगावर आले की थेट मालकाकडे धावत सुटतो. मागोमाग अस्वल येते. कुत्रा निसटतो आणि जखमी माणूस होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की पहाटे अस्वलेही मोहाखाली येतात आणि मोह वेचायला माणसेही येतात. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीत माणूस आणि अस्वल समोरासमोर येण्याच्या घटना या हंगामात नेहमीच्या आहेत. त्या दिवसांत कुत्र्याला या जंगलात नेऊच नये.

जंगलात आणखी एक धोका माणसाने तयार केलेला आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी किंवा चोरट्या शिकारीसाठी कुठे तारेचे फास लावलेले असतात, कुठे शेताच्या बांधावर बेकायदा वीजप्रवाह सोडलेला असतो, कुठे गावठी बॉम्ब टाकलेले असतात. खाद्यपदार्थात गुंडाळलेला हा स्फोटक गोळा रानडुकरासाठी असतो, पण वासाने ओढला गेलेला कुत्रा तो तोंडात धरतो. महाराष्ट्रात अशा स्फोटांत अनेक कुत्रे मेले आहेत. फासात पाय अडकलेला कुत्रा ओरडतो, धडपडतो आणि तार आणखी आवळते.

वरच्या या सगळ्या अडचणींवर उपाय एकच आहे आणि तो अगदी साधा आहे: कुत्रा दोरीने बांधलेला असावा, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधलेला असावा. दोरी दोन मीटरपेक्षा लांब नको. ताणली की लांब होणारी, डबीत गुंडाळली जाणारी दोरी इथे निरुपयोगी ठरते, कारण ती बांबूच्या बेटात आणि शिळांत अडकते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छाती-पाठीवर बसणारा हार्नेस वापरावा. शिळांवरून चढताना कुत्र्याला हात देऊन वर घेता येते आणि पाय घसरला तरी गळ्याला फास लागत नाही. ‘आमचा कुत्रा हाक मारली की येतो’ हे वाक्य बागेत खरे असते. समोरून भेकर उडाले की वर्षांची शिकवणही क्षणात विसरली जाते आणि त्यात कुत्र्याचा दोष नसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोकळ्या माळ-डोंगरांवर फिरण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याने पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ जुलै, कुत्र्याला दोन मीटरपर्यंतच्या दोरीने बांधणे सक्तीचे केले आहे आणि गुरांजवळ तर वर्षभर. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत रानातल्या पायवाटांवर कुत्र्याला प्रवेशच नाही. आपल्याकडे राष्ट्रीय उद्याने आणि व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकांना कुत्रा नेता येत नाही. कचारगडसारख्या ठिकाणी मात्र प्रवेशद्वार नाही, तपासणी नाही. शिस्त आपली आपणच पाळायची आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ‘शिकार’ या व्याख्येत प्राण्याला मारण्याबरोबरच त्याला पकडणे, हाकून नेणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. कुत्रा मुद्दाम हरणामागे सोडणे हा गंमतीचा प्रकार नसून गुन्हा आहे.

ऋतूचा विचार केला, तर कचारगडसाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच काळ कुत्र्यासाठी योग्य म्हणता येईल. हिवाळ्यात गोंदियाचे रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते आणि विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत त्याची नोंद होते. ही हवा केसाळ कुत्र्यांना मानवते. उन्हाळ्यात हेच जिल्हे ४४-४५ अंशांवर तापतात. पावसाळ्यात शिळा शेवाळून निसरड्या होतात, नाले अचानक भरतात, साप बाहेर पडलेले असतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबलेला असतो, पण गोचिडी भरात असतात.

हिवाळ्यातला एक शत्रू मात्र लहान आणि दुर्लक्षित आहे, तो म्हणजे कुसळ. पाऊस संपल्यावर पिकणाऱ्या कुसळी गवताची टोके सुईसारखी असतात आणि त्यांवर उलटे केस असतात. त्यामुळे कुसळ एकदा टोचले की पुढे सरकते, मागे येत नाही. माणसाच्या पॅंटला चिकटणारे हे गवत कुत्र्याच्या बोटांमधल्या पातळ कातडीत, कानात, नाकपुडीत आणि डोळ्याच्या कोपऱ्यात शिरते. बोटांत शिरलेले कुसळ काही दिवसांनी गळू करते आणि कधी पायात खोलवर जाते. कानात गेले तर कुत्रा डोके एका बाजूला वाकवून सारखा हलवत राहतो आणि नाकात गेले तर अचानक एकामागून एक शिंकतो, कधी रक्तही येते. कानात खोल गेलेले कुसळ घरी चिमट्याने ओढू नये. त्याचे टोक तुटून आत राहते आणि कानाचा पडदा फाटण्याचा धोका असतो, म्हणून ते पशुवैद्यानेच काढावे. लांब केसांच्या कुत्र्यांचे पंजांमधले आणि कानांभोवतीचे केस निघण्यापूर्वी कापून घेतले, तर निम्मा त्रास टळतो. वाटेत दर विश्रांतीला चारही पंजे उलटून बोटांमध्ये पाहावे. गोखरूचे काटेही तेव्हाच सापडतात.

कोणता कुत्रा न्यावा, हा प्रश्न जातीपेक्षा वय आणि शरीराचा आहे. पग, बुलडॉग यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास पुरत नाही. त्यांना चढावर नेणे क्रूरपणा आहे. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडे वाढायला वर्ष-दीड वर्ष लागते, त्याआधी लांबचे चढ-उतार केल्यास सांध्यांना इजा होते. म्हाताऱ्या, लठ्ठ किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला घरीच ठेवावे. माजावर आलेल्या कुत्रीला तर गावाच्या जवळपासही नेऊ नये. हस्की, सेंट बर्नार्ड अशा बर्फाळ प्रदेशातल्या जातींना विदर्भाचा हिवाळाही दुपारी जड जातो. याउलट गावठी कुत्रा या हवेत, या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या वाढलेला आहे. त्याची चण हलकी, केस आखूड आणि पंजे टणक असतात. डोंगरात सोबत हवी म्हणून कुत्रा पाळायचा असेल, तर त्याच्याइतका योग्य दुसरा कोणी नाही.

तयारी सावकाश करावी. रोज अर्धा तास फिरणारा कुत्रा एकदम दिवसभराच्या चढाला नेला, तर दुसऱ्या दिवशी तो उठू शकत नाही. महिनाभर दर आठवड्याला अंतर थोडे-थोडे वाढवत न्यावे आणि जवळच्या टेकडीवर चढ-उताराचा सराव द्यावा. पंज्यांच्या गाद्या खडबडीत जमिनीवर चालूनच टणक होतात, त्यासाठी तेल किंवा मलमाचा फारसा उपयोग नाही. सिमेंटच्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याच्या गाद्या पहिल्याच दिवशी सोलल्या जातात. कुत्र्यासाठी मिळणारे मोजे अडीअडचणीला बरोबर ठेवावेत, पण त्यांची सवय घरीच करून घ्यावी लागते.

उष्माघात हे डोंगरात कुत्रे मरण्याचे मोठे कारण आहे आणि तो फक्त मे महिन्यातच होतो असे नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांतून थोडा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर सोडतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडू लागते. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, हिरड्या गडद लाल होणे, लाळ घट्ट आणि चिकट होणे, चाल डगमगणे, सावली दिसली की बसून राहणे ही लक्षणे दिसली, तर चालणे तिथेच थांबवावे. सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पोट, काख आणि पंजे भिजवावे, वारा घालावा. ओले फडके अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. आधी अंग थंड करावे, मग दवाखाना गाठावा. थंड होऊन कुत्रा ताजातवाना वाटला, तरी पशुवैद्याला दाखवणे आवश्यक आहे, कारण आतली इजा एक-दोन दिवसांनी समोर येते. कुत्रा थकला की थांबत नाही, मालकाच्या मागे चालत राहतो. ही त्याची निष्ठाच त्याच्या जिवावर बेतते. म्हणून थांबायचे कधी, हे माणसाने ठरवायचे असते. पहाटे उजाडताच निघून अकरापर्यंत परत खाली यावे. दुपारच्या उन्हात शिळा तापलेल्या असतात. हाताची मागची बाजू शिळेवर पाच-सात सेकंद ठेवता आली नाही, तर ती पंज्यांना भाजणारच.

पाणी घरूनच न्यावे. आरामात असलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते आणि चढताना याच्या दुप्पट-तिप्पट. वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन-तीन लिटर पाणी वेगळे धरावे आणि ते अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे पाजावे. धानाच्या बांधीतले पाणी पिऊ देऊ नये, त्यात खते आणि कीटकनाशके मिसळलेली असतात. पोटभर जेवण निघण्याच्या आधी देऊ नये. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांमध्ये जेवणानंतरच्या धावपळीने पोट फुगून जठर पिळले जाऊ शकते आणि त्यात काही तासांत मृत्यू येतो. चालताना भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे किंवा त्याचे नेहमीचे खाद्य थोडे थोडे पुरेसे आहे. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत. सहलीच्या डब्यात हे पदार्थ हमखास असतात.

वाट धनेगावातून जाते, हे विसरून चालत नाही. गावात कोंबड्या, बकऱ्या, ढोरे असतात आणि अंगणात वाळत घातलेले धान असते. गावची कुत्री अनोळखी कुत्रा दिसताच धावून येतात. अशा वेळी दगड उचलणे किंवा ओरडणे हा शेवटचा मार्ग ठेवावा. आधी थांबावे, दोरी सैल ठेवावी आणि घरच्या माणसांना आपली कुत्री बोलवायला सांगावे. दोरी ताणली की बांधलेला कुत्राही चिडतो आणि भांडण पेटते. गावातल्या कुत्र्याला बिस्किटे दाखवून मागे घेऊन जाण्याची पद्धत वाईट आहे. तो कुणाच्या तरी घराचा, शेताचा राखणदार असतो. दुसऱ्या गावाच्या हद्दीत त्याला सोडून दिले, तर परतताना तिथली कुत्री त्याला फाडतात. पूर्वी आदिवासी गावांत कुत्रा पारधीला सोबत असे. शिकारीवर बंदी आल्यावर त्याचे काम शेत आणि गुरे राखण्याचे झाले आणि ते आजही गावाला मोलाचे आहे. सालेकसा तालुका दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला आहे. त्यामुळे कुठे आणि किती वेळ जाणार हे गावात सांगून निघावे आणि शक्य असल्यास गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा. कोणत्या नाल्याकडे अस्वलाचा वावर आहे, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागले आहे, हे त्याला ठाऊक असते. आग्या माश्या उठल्या तर बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून मोहोळ असलेल्या बाजूला जाणेच टाळावे.

गुहेत कुत्रा नेऊ नये. हे देवस्थान आहे, आत लोक अनवाणी, श्रद्धेने जातात आणि अंधारात वटवाघळांचाही आश्रय असतो. दोघे-तिघे असतील तर एकाने खाली कुत्र्याजवळ थांबावे आणि पाळीपाळीने दर्शन घ्यावे. एकट्या माणसाने कुत्र्याला झाडाला बांधून वर जाणे हा पर्याय या जंगलात नाही. माघ पौर्णिमेच्या जत्रेच्या दिवसांत तर कुत्रा आणूच नये. हजारोंची गर्दी, ढोल-मांदरीचे आवाज आणि जागोजागी शिजणारे अन्न यांत त्याची ओढाताण होते आणि भाविकांनाही अडचण होते. कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणावी. ती जंगलात कुजून जाईल ही समजूत धोकादायक आहे, कारण पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने जिवंत राहतो.

प्रवास स्वतःच्या वाहनाने करणे सोयीचे. रेल्वेत कुत्रा एकतर वातानुकूलित प्रथम वर्गात पूर्ण कुपे घेऊन किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आधी नोंदणी करून नेता येतो. दरेकशासारख्या छोट्या स्थानकासाठी दोन्ही गैरसोयीचे आहेत. लोहमार्ग ओलांडताना दोरी हातात गुंडाळून आखूड धरावी. हा मार्ग मालगाड्यांचा सतत वर्दळीचा आहे. नागपूरहून येणाऱ्यांनी दर दोन तासांनी थांबून कुत्र्याला पाणी द्यावे आणि हिवाळ्यातही त्याला बंद गाडीत सोडून जाऊ नये.

सामानात जाळीची पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक, चिमटा, गोचीड काढायचे साधन, जाड चादर आणि मुसके असावे. मुसके चावऱ्या कुत्र्यासाठीच असते असे नाही. वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो आणि मग जखम बांधणे अशक्य होते. मात्र धाप लागलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या कुत्र्याला मुसके बांधू नये. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. कुत्र्याला चालू न देता चादरीच्या झोळीत घालून दोघांनी उचलावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवरचे बहुविध प्रतिविष कुत्र्यांनाही देता येते. पाळीव जनावरांच्या तातडीच्या मदतीसाठी १९६२ आणि वनविभागाशी संपर्कासाठी १९२६ हे टोल फ्री क्रमांक आहेत. गंभीर दुखापतीत सर्व सोयी असलेले ठिकाण म्हणजे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, पण ते चार-पाच तासांवर आहे. हे अंतर निघण्याआधीच लक्षात घ्यावे. रानातल्या कोणत्याही प्राण्याने कुत्र्याला चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लस दिलेली असली, तरी रेबीजच्या पुढच्या मात्रेसाठी पशुवैद्याकडे जावे.

परतल्यावर त्याच दिवशी कुत्र्याची अंगभर तपासणी करावी. गोचिडी कानांच्या आत, पापण्यांच्या कडेला, मानेखाली, काखेत आणि बोटांमध्ये लपतात. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढून काढाव्यात. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी लावू नये. हाताने चिरडूही नयेत. गोचीडतापाची लक्षणे चावल्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांनी दिसतात. या काळात कुत्रा खाईनासा झाला, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद लालसर झाली, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि कुत्रा अलीकडे जंगलात जाऊन आल्याचे पशुवैद्याला आठवणीने सांगावे.